यानाचं दार कुणी वाजवलं

एकोणीसशे त्रेसष्ट साल होतं आणि मी सव्वीस वर्षांचा होतो. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, मिशीला नुकता पीळ बसलेला, आणि गावच्या रेडिओची किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली. या तिन्हींत मोठं काय वाटायचं म्हणून कुणी विचारलं असतं, तर मी किल्ली म्हणालो असतो. बायकोसमोरसुद्धा म्हणालो असतो. त्या वयात मला एवढीच अक्कल होती.

रेडिओ सरकारनं दिलेला. चावडीत लाकडी पेटीत असायचा, पेटीला कुलूप, बॅटरीवर चालायचा, आणि आवाज बाहेर यावा म्हणून चावडीच्या भिंतीवर कर्णा. किल्ली कुणाकडं ठेवायची यावर पंचायतीत बोलणं निघालं तेव्हा मी हात वर केला. दुसऱ्या कुणी केला नाही, कारण रोज दिवेलागणीला सगळी कामं टाकून येऊन बसायला मोकळा माणूस दुसरा नव्हता. मी मात्र गावोगाव सांगायचो, "गावानं एकमतानं नेमलंय मला."

शिक्षणाचं म्हणाल तर तिसरी, तीही उर्दूत. आमच्याकडं निजामाचं राज्य असताना शाळा उर्दूत होती. पुढं पोलीस ॲक्शन झालं, राज्य गेलं, मराठीचे नवे मास्तर आले. त्यांनी माझी पाटी बघितली आणि म्हणाले, तुला मराठी अक्षरं येत नाहीत, पहिलीत बस. तिसरी झालेला माणूस पहिलीत बसतो होय? मी पाटी उचलली आणि घरी आलो. मराठी वाचायला पुढं किराणा दुकानातल्या पुड्यांचे कागद वाचून शिकलो. त्यामुळं झालं काय, की गूळ, शेंगदाणे, हळद यांच्या आसपासची मराठी मला चांगली येते. जरा संस्कृतातलं काही आलं, की मी अंदाजानं जातो. आणि माझा अंदाज एकदा बसला, की तो कुणाच्या बापाला हलत नाही.

त्या साली रेडिओवर महिन्यातून एकदा, गुरुवारी, एक गोष्ट भागाभागानं लागायची. एक प्रोफेसर, त्याची लेक आणि त्याच्या हाताखालचा एक माणूस, असे तिघं यानात बसून मंगळावर निघालेले. सुरुवातीला रेडिओवरचा माणूस म्हणायचा, "आता ऐकू या नभोनाट्य." नभ म्हणजे आभाळ हे मला भजनात बसून माहीत झालेलं. नाट्य म्हणजे नाटक. मग नभोनाट्य म्हणजे काय? आभाळात चाललेलं नाटक. यात शंका घ्यायला जागा कुठं होती? दोनच वर्षांपूर्वी रशियाचा एक गडी वर फिरून आल्याचं याच रेडिओनं सांगितलेलं. आता आपलीही माणसं वर गेली असणार, ती तिथून बोलत असणार, आणि आपण खाली बसून ऐकतोय.

चावडीत एकानं शंका काढली. "मग त्याला नाटक का म्हनत्यात?"

"सरकारचं काम हाय," मी म्हणालो. "खरं सांगितलं तर लोकं घाबरतील. म्हणून नाटक म्हनायचं."

आणि माझ्याकडं पुरावा होता. आभाळ आलं, की रेडिओ खरखरायचा. वीज चमकली, की प्रोफेसरचं बोलणं मधेच तुटायचं. माणसं खाली कुठं खोलीत बसून बोलत असती, तर ढगाचा त्यांना काय संबंध? या प्रश्नाला गावात कुणाकडं उत्तर नव्हतं. रेडिओवर होणाऱ्या कुठल्याही नाटकाला नभोनाट्य म्हणतात, मग ते सासूसुनेच्या भांडणाचं का असेना, हे मला कळलं तेव्हा माझी पोरं मोठी झालेली. मी म्हणालो, "तेव्हाचं नभोनाट्य वेगळं होतं." आजही तेच म्हणतो.

तर दुसऱ्या भागात असं झालं, की यानाच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी बिघडलं. हाताखालचा माणूस कमरेला दोर बांधून दुरुस्तीला बाहेर गेला आणि दोर तुटला. तो "साहेब, साहेब" म्हणत लांब लांब गेला आणि त्याचा आवाज बंद झाला. तुम्हाला हसू येईल, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. ताट तसंच सारलं. बायको म्हणाली, "आवं, कोन गेलं?" मी म्हणालो, "हाताखालचा." ती म्हणाली, "कुनाच्या हाताखालचा?" मी वर बोट केलं. तिनं देवाला हात जोडले आणि ताट उचलून नेलं. मी मात्र अंगणात बसून मंगळाचा तांबडा तारा शोधत राहिलो, जसा काही तो मला दिसणारच होता, दोर लोंबकळत असलेला.

तिसरा भाग लागला त्या गुरुवारी चावडी भरलेली. कंदिलाची वात मी बारीक केलेली, कारण उजेडात ऐकू कमी येतं असं माझं मत. यान मंगळाजवळ पोचलं. प्रोफेसर आणि लेक दोघंच आत. बाहेर काही नाही, नुसता अंधार आणि शून्य. आणि अचानक यानाच्या दारावर बाहेरून वाजलं. टक. टक. टक.

सगळी चावडी रेडिओकडं सरकली. आणि नेमकं त्याच वेळी चावडीच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. मोठ्यानं, दोनदा.

मी अंधारातच ओरडलो, "कोन खोकायलंय रं? खोकायचं आसल तर गोठ्यात जाऊन खोक!"

सगळी चावडी हसली. मलाही बरं वाटलं. तेवढ्यात रेडिओवर संगीत वाजून भाग संपला. मी कंदिलाची वात वर केली. दाराशी माझे सासरे उभे होते. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. ईटहून, म्हणजे माझ्या सासुरवाडीहून, चालत आलेले. आमच्यात सोयरा असा भर बैठकीत आला, की नाव घेऊन हाक मारत नाही. दाराशी उभा राहून खाकरतो. मग जावयानं उठायचं, रामराम घालायचा, काठी घ्यायची, पायाला पाणी द्यायचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तेव्हा माझं चित्त कोट्यवधी कोसांवर होतं.

सासरे अगदी हळू म्हणाले, "जावईबापू, गोठा कुटं हाय तेवढं दावा."

एवढ्यावरही निभावलं असतं. माणूस रागीट खरा, पण समंजस. घरी आले, पाय धुतले, जेवायला बसले. बायकोनं डोळ्यानं मला खुणावलं, की बोला, चुकलं म्हणा. मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडातून काय निघालं, तर "मामा, दार कुणी वाजवलं आसल?"

ईटलाही पंचायतीचा रेडिओ होता, आणि सासऱ्यांनी पहिले दोन भाग तिथं ऐकलेले. तिसरा त्यांनी माझ्याच दाराशी उभं राहून ऐकलेला. ते घास थांबवून म्हणाले, "राखणदार."

"कशाचा?"

"मंगळाचा. एवढा मोटा ग्रह, त्येला धनी नसल व्हय? तुमच्या रानात कोन शिरला तर तुमी इचारत न्हाय का, बाबा तू कोन म्हणून?"

"न्हाय मामा," मी म्हणालो. "हाताखालचा माणूस हाय त्यो. दोर तुटला पर मेला न्हाय. आलाय परत."

"तुमी बगून आलाव?"

"बगायला कशाला पायजे? डोकं चालवायला पायजे. तुमास्नी यातलं शास्त्र कळत न्हाय."

माझी आई चुलीजवळून "आरं, आरं" म्हणाली. बायकोनं खाली बघितलं. सासऱ्यांनी ताटात हात धुतला. सकाळी ते निघाले तेव्हा बायकोचं गाठोडं त्यांच्या खांद्यावर होतं आणि ती मागं. मला वाटलं, आठ दिवसांसाठी चालली असेल. वळणावर तिनं एकदा मागं बघितलं. मी हात केला. हात करायचं काम नव्हतं, धावत जायचं काम होतं. पण मी मनात म्हणालो, आपल्या पायानं न्हेली, आपल्या पायानं आणून घालतील.

मग सगळा महिना गावात दुसरा विषय नव्हता. मी माझ्या मतावर ठाम होतो आणि मतामागं कारण होतं, ते तुम्हीही ऐका. आपल्याकडं दार कोण वाजवतं? कुणी नाही. दिवसभर दार उघडं असतं, आणि बंद असलं तर माणूस अंगणातून हाळी देतो, "हाय का घरात?" सोयरा असला तर खाकरतो. पोस्टमन आवाज देतो. चोरसुद्धा दार वाजवत नाही. बोटांनी टकटक करणारा माणूस म्हणजे शिकलेला आणि शहरातला. मी अख्ख्या आयुष्यात टकटक फक्त एकदा ऐकली होती, गावात देवी टोचायला आलेल्या डॉक्टरनं केलेली. आता यानाच्या आसपास शहरातला, शिकलेला माणूस कोण? हाताखालचा. मंगळावरचा कुणी असता तर त्यानं हाळी दिली असती. झालं सिद्ध.

हे मी चावडीत सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, आणि माझा दोस्त होता गावातला शिंपी, त्याच्या मशीनसमोर बसून तर किती वेळा सांगितलं. तो मुसलमान, माझ्यापेक्षा दोन बुकं जास्त शिकलेला, आणि त्याचं मत तिसरंच.

"नक्को रे बाबा," तो सुई तोंडात धरून म्हणायचा. "तुझा हाताखालचा नक्को आन तुझ्या सासऱ्याचा राखणदारबी नक्को. जिन हाय त्यो."

"जिन तिथं कशाला जाईल?"

"जाईल म्हंजे? जातातच. आमच्यात सांगतात, जिन आसमानात वर वर चढतात, वरच्या गोष्टी चोरून ऐकायला. मग फरिश्ते वरून तारे फेकून मारतात त्यास्नी. तुटता तारा बघतो ना तू? वो वहीच."

"मग त्यानं दार कशाला वाजवलं?"

"अरे यार, वरून मार पडायला लागल्यावर तू काय करशील? दिसंल त्याचं दार वाजवशील!"

खरं सांगायचं तर तिन्हीत हेच जास्त पटण्यासारखं होतं. पण मी ते कबूल केलं नाही. मी म्हणालो, "तुझं शिलाईत लक्ष न्हाय, बाही उलटी लावलीस." बाही सुलटीच होती.

हाच शिंपी दर बाजाराला ईटला कपडे घेऊन जायचा. पहिल्या बाजारी तो परत आला आणि हसत म्हणाला, "सासऱ्यांनी निरोप दिलाय. म्हनले, जावयाला आमचं खोकनं सोसत न्हाय, आन आता थंडी पडायली, पोरगीलाबी खोकला लागंल. म्हणून ठिवून घेतली."

मीही हसलो. दुसऱ्या बाजारी तो हसत नव्हता. मशीनवर बसला, पाय न हलवता म्हणाला, "बघ, आता मजाक सोड. तुझा सासरा चार लोकांत बोललाय. दिवाळीपर्यंत जावई न्यायला आला तर ठीक. न्हाय आला तर सोयरीक मोडली समज. पोरगी तरणी हाय, मूलबाळ न्हाय, दुसरं घर बगतो म्हनला."

"ती काय म्हनली?"

"वो क्या बोलेगी? मी तिला बघितलं. शेंगा फोडत बसली हुती, मान खाली घालून. मी म्हनलं, निरोप हाय का काय? ती म्हनली, त्यास्नी सांगा, दारावर कोन आलं त्याची फिकीर करा आदी."

आईनं त्या रात्री भाकरी टाकली पुढं आणि कोपऱ्यात तोंड करून बसली. मला आतून भीती वाटायला लागली होती, पण माझी भीती बाहेर पडताना नेहमी अकड होऊनच पडते. मी म्हणालो, "मी पाय धरायला जानार न्हाय."

आणि मग गावच्या रेडिओची बॅटरी उतरली.

नवी बॅटरी जिल्ह्याहून यायची, ती केव्हा येईल ते जिल्ह्यालाच ठाऊक. शेवटचा भाग चार दिवसांवर. मी पेटी उघडून बॅटरी उन्हात ठेवली, पुसली, हलवली, वास घेतला. काही उपयोग नाही. गुरुवारी सकाळी मी पटका बांधला, नवं धोतर नेसलं आणि आईला म्हणालो, "सुनंला आनायला चाललो." आईनं माझ्या कपाळावरून हात फिरवला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला मी खोटं सांगितलं नाही. खरंच आणायला चाललो होतो. फक्त गुरुवार निवडला होता, एवढंच.

ईटला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. सासऱ्यांच्या अंगणात बायको शेंगा फोडत बसलेली. मला बघून ती उठली नाही. पाण्याचा तांब्या तिनं पुढं सरकवला.

"आलाव?"

"आलो."

"कशापायी?"

"तुला न्यायला."

"आज वार कंचा?"

"गुरुवार."

तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तुमच्या गावच्या रेडूची बॅटरी उतरलीया म्हनं."

मी तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली आणला नाही.

"शिंपीमामू सांगत हुतं बाजारात," ती म्हणाली. मग तिनं सूप बाजूला ठेवलं. "ऐका. म्या यायला तयार हाय. माझं सामान बांदून ठिवलंय, आठ दिस झालं. पर आबांचा मान तुमी भर चावडीत घालिवला. आज रातच्याला ते तुमाला शेजारी बशिवतील. त्यास्नीबी ते ऐकायचंय. तितं जर का त्या दारावरनं त्यांच्यासंगट भांडलाव, तर म्या दिवाळी हितंच करीन. पुडच्या दिवाळ्याबी."

"न्हाय भांडत."

"कुनाची आन?"

"तुझी."

"माझी नगं. रेडूची घ्या, ती पाळाल."

मी घेतली. रेडिओची आण घेतलेला माणूस या जिल्ह्यात मी एकटाच असेन.

सासरे रानातून आले. मी पुढं होऊन रामराम घातला, काठी घेतली, पायावर पाणी ओतलं. त्यांनी मिशीतून बघितलं. दिवेलागणीला आम्ही दोघं चावडीत गेलो. त्यांनी आपलं घोंगडं अंथरून मला शेजारी बसवलं, लोकांना सांगितलं, "आमचं जावई, त्यांच्या गावच्या रेडूचं मुख्य." यात टोमणा किती आणि मान किती, मी मोजला नाही. समोर गल्लीपलीकडच्या ओट्यावर बायका बसलेल्या. ईटचा कर्णा चावडीच्या बाहेरच्या भिंतीवर, गल्लीकडं तोंड केलेला. बायकांत माझीही होती, पदर ओढून.

भाग सुरू झाला. टक, टक, टक. प्रोफेसर म्हणाला, दार उघडू या. लेक म्हणाली, नको बाबा, कोण असेल काय माहीत. प्रोफेसर म्हणाला, कुणीही असो, तो मदत मागतोय.

सासरे माझ्या कानाशी पुटपुटले, "राखणदार."

मी ओठ दातांत धरला.

लेक रडायला लागली. प्रोफेसर दाराकडं निघाला, त्याच्या पावलांचा आवाज यायला लागला.

"राखणदार," सासरे म्हणाले, या वेळी शेजारच्या दोघांना ऐकू जाईल असं. "काय जावईबापू?"

"मामा, ऐका की."

"ऐकायलोय की. तुमचं मत काय?"

"माझं काय मत न्हाय."

"म्हंजी राखणदारच. बगा, जावईबी म्हनायलेत."

आता तुम्ही सांगा. माणसानं किती सोसायचं? मी म्हणालो नव्हतो, आणि ते म्हणत होते मी म्हणालो. आण घेतली होती भांडणार नाही अशी. खोटं माझ्या नावावर खपवून घेईन अशी घेतली नव्हती.

"राखणदार आसता तर हाळी दिली आसती!" मी म्हणालो. हळूच म्हणायला गेलो होतो.

"हाळी कशी दील? हवा न्हाय तितं! पयल्या भागात प्रोफेसरनं सांगितलंय, हवा न्हाय म्हणून आवाज जात न्हाय."

"मग टकटक कशी ऐकू आली?"

"ती दाराच्या पत्र्यातनं आली!"

"मग राखणदाराला पत्रा वाजवायचं कुनी शिकिवलं? त्यो काय पुन्याला शिकायला हुता?"

"तुमी मला शास्त्र शिकवू नगा!"

"शिकवून कळंल तर शिकवीन!"

दोघंही उभे राहिलो होतो. सासऱ्यांचा पटका सुटून खांद्यावर आला होता, माझ्या धोतराचं एक टोक त्यांच्या पायाखाली. लोक "आवं बसा, आवं गप" म्हणून ओरडत होते, आणि त्या ओरडण्यानं उरलंसुरलं बुडालं. शेवटी एका म्हाताऱ्यानं काठी आपटली. सगळे थांबलो. शांत झालं. आणि त्या शांततेत रेडिओवरचा माणूस म्हणाला, "नभोनाट्य समाप्त."

मग कोपऱ्यातून एक जण म्हणाला, "आरं, हे सासरा-जावई हायेत का सवती?"

त्यानंतर आम्हाला जे ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. चार महिने ऐकलेली गोष्ट आमच्या दोघांपायी सगळ्या पुरुषांची बुडाली होती. पण कर्ण्याचं तोंड गल्लीकडं होतं. समोरच्या ओट्यावरच्या बायकांना शेवटपर्यंत सगळं स्वच्छ ऐकू गेलं होतं. यानाचं दार उघडलेलं, बाहेर कोण होतं, तो काय बोलला, सगळं. गडी माणसं घरी गेली, त्यांनी आपापल्या बायकांना विचारलं, त्यांना कळलं. आणि त्या रात्रीत ईटनं ठरवून टाकलं, की या दोघांना सांगायचं नाही. पुढं मी कितीदा विचारलं. एकानं सांगितलं, प्रोफेसरची मेलेली बायको होती. एकानं सांगितलं, वारा होता. एकानं तर तोंडावर हसू न आणता सांगितलं, "तुमचं सासरंच हुतं, खोकायलं बी."

जेवणं झाल्यावर सासरे ओट्यावर भिंतीकडं तोंड करून पडले. सासूनं अंथरूण माझ्यापुढं टाकलं. बायको भांडी घासायला परसात आली तेव्हा मी तिथं गेलो.

"आण मोडली तुमी," ती म्हणाली.

"मोडली."

"आता?"

माझ्याकडं बोलायला काही नव्हतं. खरंच नव्हतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तिचं गाठोडं मला आतल्या खोलीत दिसत होतं, गाठ मारून भिंतीला लावलेलं. उद्या मी एकटा गेलो तर आई दारात उभी असणार, आणि तिच्या मागं रिकामं घर. मी म्हणालो, "तू सांगशील ते करतो."

ती राखेनं तवा घासत राहिली. मग म्हणाली, "सकाळी आबांना म्हना, तुमचंच खरं. राखणदारच हुता."

"आगं, पर खरं कुनाचं हुतं?"

"ते मला ठावं हाय."

"मग आदी मला सांग. त्यांचं खरं आसल तर मी म्हनतो, शंभर डाव म्हनतो."

तिनं तवा खाली ठेवला आणि त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "खरं कळल्यावर म्हनलाव, तर त्यात तुमचं काय गेलं?"

"आन माझं खरं आसल तर?"

"तरीबी म्हना."

ती आज हयात आहे. दात गेले, गुडघे गेले, पण तो शेवटचा भाग तिच्या डोक्यात शाबूत आहे. हाताखालचाच होता याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. तरी सणासुदीला, आजारपणात, तिचा मूड बघून मी विचारतो. ती म्हणते, "मराया टेकलाव म्हंजी सांगीन." त्यासाठी मी दोनदा टेकल्यासारखं करून बघितलं. तिनं डॉक्टर बोलावला.

त्या रात्री मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला आडवा झालो. पलीकडं सासरे घोरत नव्हते, म्हणजे तेही जागे होते. डोळे मिटले, की मला दोर तुटलेला तो माणूस दिसायचा, लांबून लांबून हात मारत परत आलेला. आणि मी उद्या म्हणणार होतो, की तो आलाच नाही.

सकाळी उजाडलं तेव्हा सासरे अंगणात कडुलिंबाची काडी चावत उभे होते. शेजारच्या अंगणात दोघं-तिघं जनावरं सोडत होते, आणि आमच्याकडं न बघता कान लावून होते. बायको गाठोडं घेऊन उंबऱ्यात येऊन थांबलेली. मी सासऱ्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो.

"मामा."

"बोला."

"राखणदारच हुता."

त्यांनी काडी तोंडातून काढली. मग शेजारच्या अंगणाकडं हात करून म्हणाले, "त्यास्नी ऐकू गेलं न्हाय, जावईबापू. जरा मोट्यानं."

मी शेजाऱ्यांकडं तोंड केलं आणि पुन्हा म्हणालो, या वेळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.